परराष्ट्र धोरणात धर्म बघतात का फायदा? (बेदाण्याच्या सौद्यात निघालेला प्रश्न)

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठाय आणि मी काय इतिहास शिकलेला माणूस नाही, बीकॉम करून बाग बघतो, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या, शिव्या घालू नका.

झालं असं की परवा सौद्याला बेदाणा घेऊन गेलो होतो, आमचा नंबर यायला वेळ होता म्हणून चहाच्या गाड्यावर उभा राहिलो तर तिथं आमचे तात्या (चुलते, वय ७२, पेपर टेंडर नोटिशीसकट वाचणारे) आणि अडत दुकानातला एक पोरगा यांची जोरात जुंपलेली. विषय काय, तर २०२५ च्या ऑक्टोबरात तालिबानचा परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आला, देवबंदला जाऊन आला, आणि आपल्या सरकारनं काबूलच्या ऑफिसला परत दूतावासाचा दर्जा द्यायचं जाहीर केलं. पोरगं म्हणत होतं, इथं ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ आम्हाला एक शिकवता आणि तिकडं तालिबानवाल्याला पायघड्या घालता, हे कसं काय?

तात्या म्हणाले, "लेका, ज्याच्या बांधाला आपला बांध, त्याच्याशी आपलं कधी पटतं का? पण त्याच्या पलीकडं जो असतो त्याचं पण त्याच्याशी पटत नसतंय. मग आपण पलीकडच्याला हाक मारतो, चहा पाजतो. त्यात त्याची जात बघतो काय?"

पोरगं लगेच म्हणालं, "बघता की तात्या. सोसायटीच्या इलेक्शनला बघता."

सगळा गाडा हसला. तात्या गप्प. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं मी त्यांना गप्प बसलेलं.

तेव्हापासनं डोक्यात किडा वळवळतोय. मुत्तकी इकडं आपल्याकडं होता त्याच आठवड्यात तिकडं पाकिस्तान आणि अफगाणिस्तान बॉर्डरवर एकमेकांना ठोकत होते, दोघं सुन्नी, आणि तालिबानची कितीतरी मंडळी पाकिस्तानातल्याच मदरशांत शिकलेली. मग धर्म गेला कुठं? का देशादेशात धर्म-बिर्म काय नसतंयच, ते फक्त घरातल्या लोकांना सांगायचं, आणि बाहेर सगळा हिशोब?

आणि एक स्वार्थाचं पण विचारतो. अफगाणी माल आला की दर पडतो असं व्यापारी आम्हाला दरवेळी सांगतात, त्यात खरं किती आणि आम्हाला दाबायची ट्रिक किती ते त्यांचं त्यांनाच माहीत. म्हणजे दोस्ती दिल्लीची आणि चटका आमच्या बॉक्सला. पण ते जाऊ दे, मूळ प्रश्नाचं सांगा.

मिरज_जंक्शन

भावा, प्रश्न एक नंबर. तात्यांचं बांधाचं गणित कौटिल्यानं पण लिहून ठेवलंय, फक्त त्याच्यात चहा नाही.

मी सरळ एक उदाहरण देतो. नकाशा उघड आणि कास्पियन समुद्राच्या डाव्या अंगाला बघ. अझरबैजान, बहुसंख्य शिया. खाली इराण, शियांचा सगळ्यात मोठा देश, वर धर्मगुरूंचं राज्य. आणि बाजूला आर्मेनिया, ख्रिश्चन, तो पण कालपरवाचा नाही तर चौथ्या शतकाच्या सुरवातीला ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून घेतलेला. अझरबैजान आणि आर्मेनियाची काराबाख नावाच्या डोंगरी भागावरनं तीस-पस्तीस वर्षं मारामारी. आता धर्माच्या हिशोबानं इराणनं कुणाच्या पाठीशी राहायला पाहिजे? आणि राहिला कुणाच्या जवळ? आर्मेनियाच्या. कारण इराणच्या स्वतःच्या उत्तर भागात अझरी बोलणारे एक कोटीच्या वर लोक राहतात, उद्या बाकूवाले (म्हणजे अझरबैजानचं सरकार) फार जोरात आले तर हे पण म्हणतील आम्हाला तिकडं जायचंय, ही धास्ती.

अजून गंमत पुढं आहे. अझरबैजान तेल कुणाला विकतो, तर इस्राएलला. पाइपलाइन जाते कुठनं, तर जॉर्जियातनं आणि तुर्कस्तानातनं. इस्राएल उलटं अझरबैजानला शस्त्रं देतो. आणि आपण आर्मेनियाला पिनाका रॉकेट विकतो, का, तर तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूला बसलेत म्हणून. पाकिस्तान तर २०२५ पर्यंत आर्मेनिया नावाचा देश मानतच नव्हता. त्या आर्मेनियानं पाकिस्तानचं काय खाल्लं होतं कुणास ठाऊक.

आता यात धर्म शोधून दाखव मला, चहा माझ्याकडनं.

बाग_आणि_बॅलन्सशीट

तुर्कस्तानचं नाव निघालं म्हणून. २०२३ च्या फेब्रुवारीत तिकडं भूकंप झाला तर आपली माणसं, कुत्री, फील्ड हॉस्पिटल पहिल्या काही दिवसात पोचलं, ऑपरेशन दोस्त नाव होतं. २०२५ च्या मे महिन्यात तेच पाकिस्तानच्या बाजूनं बोलले आणि पुण्याच्या मार्केटात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद बंद केलं. लोक म्हणाले मुसलमान देश ना, असाच वागणार. अरे पण हाच तुर्कस्तान, इस्राएलला मान्यता देणारा पहिला मुस्लिमबहुल देश, १९४९ साली! तेव्हा धर्म कुठं गेला होता?

हरिपूरची_पेवं

सगळे जगाच्या नकाशावर फिरताय, जरा घरात पण बघा की. तासगाववाले, तुमच्या गावात सात मजली गोपूरवालं गणपतीचं देऊळ आहे ना, ते ज्यांनी बांधलं त्या परशुरामभाऊ पटवर्धनांचीच गोष्ट सांगतो.

१७८० च्या आसपास नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध चौकडी जमवली. कोण कोण, तर पेशवे, नागपूरकर भोसले, हैदराबादचा निजाम आणि म्हैसूरचा हैदर अली. त्याच्या आधी मराठ्यांनी हैदरबरोबर कितीदा लढाया केल्या मोजून बघा, पटवर्धनांच्या घरातले लोक त्यात पडलेत. तरी नानांनी हात पुढं केला कारण त्या वेळी इंग्रज जास्त जड होता.

बरोबर दहा वर्षांनी, १७९० ला, तेच पेशवे आणि तोच निजाम इंग्रजांच्या बाजूला, आणि समोर कोण, हैदरचा पोरगा टिपू. चौकडीतला एक भिडू बाहेर आणि ज्याच्याविरुद्ध चौकडी केली तो आत. परशुरामभाऊ मिरजेची-तासगावची फौज घेऊन धारवाडला वेढा घालून बसले, बरोबर इंग्रजांची पलटण. १७९२ ला श्रीरंगपट्टणचा तह, टिपूचं अर्धं राज्य गेलं, वर ३ कोटी ३० लाख दंड, आणि दोन लहान पोरं इंग्रजांकडं ओलीस. वाटण्या तिघांत झाल्या, एक ख्रिश्चन कंपनी, एक मुसलमान निजाम, एक ब्राह्मण पेशवा. धर्म बघून कुणी कमी-जास्त घेतलं नाही.

आणि याच मोहिमेत १७९१ ला शृंगेरीचा मठ लुटला गेला. मराठ्यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी. शंकराचार्यांचा मठ! शारदेची मूर्ती हलवली गेली. आणि मग शृंगेरीच्या स्वामींना पैसे, धान्य, परत प्रतिष्ठापनेचा खर्च कुणी पाठवला, तर टिपूनं. ती पत्रं मठातच सापडली, १९१६ साली, कन्नडमधे आहेत. आता टिपू काय फार मोठा सहिष्णु होता म्हणून नाही, कूर्ग आणि मलबारात त्यानं काय केलं ते पण लिहिलेलं आहे. त्याला त्या वेळी स्वतःच्या राज्यातली हिंदू प्रजा आपल्या बाजूला ठेवायची होती, आणि मराठ्यांचं नाक कापायची आयती संधी मिळाली होती. माणूस एकच, मलबारात एक वागला आणि शृंगेरीत एक.

त्याच्या शंभर वर्षं आधीचं पण घ्या. १६७७ ला शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा आधी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी करार केला, पैसा आणि तोफखाना घेतला. आणि मुधोळच्या मालोजी घोरपड्यांना पत्र लिहिलं. घोरपडे म्हणजे कोण, ज्यांच्या बापानं शहाजीराजांना पकडून दिलं होतं आणि त्या बापाला महाराजांनी मारलं होतं, इतकं हाडवैर. पत्राचा गाभा असा की विजापुरात पठाण शिरजोर झालाय, दक्षिणची पातशाही आपण दक्षिणेतल्या लोकांच्याच हातात ठेवू, मागचं विसरा आणि या. रेघ कुठं मारली बघा, दक्षिणी आणि पठाण अशी. हिंदू-मुसलमान अशी नाही मारली, कुतुबशहा रेघेच्या अलीकडं होता. आणि पुढं त्याच मोहिमेत तलवार चालली ती कुणाबरोबर, तर सावत्र भाऊ व्यंकोजीराजांबरोबर.

जास्त झालं लिहायला. पेवातली हळद काढल्यासारखं, एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येतं.

गणपतीचा_रथ

हरिपूर, दादा, शृंगेरीचं अर्धवट सांगू नका. पेंढारी हे पगारी फौज नव्हते, लुटीवर जगणारे होते, भाऊंचा हुकूम नव्हता. आम्ही तासगावच्या गणपतीचा रथ ओढणारी माणसं, असं काही वाचलं की त्रास होतो.

हरिपूरची_पेवं

हुकूम होता असं मी कुठं लिहिलंय? वर वाचा, पेंढाऱ्यांनी असंच लिहिलंय. पण फौज तुमची, मोहीम तुमची, तर पेंढाऱ्यांनी केलं म्हणून हात झटकता येत नाहीत, एवढंच. आज पण देश असंच म्हणतात, ते आमचे सैनिक नाहीत, आम्ही ओळखत नाही. तुमचा रथ मी पण ओढलाय हो, ऋषिपंचमीला.

शंकासुर

सगळ्यांचं वाचलं. मजा आली पण मला पटत नाहीये. तुम्ही सगळे अशीच उदाहरणं निवडताय ज्यात धर्म हरतो. मी उलटी दोन देतो.

एक, इराण आणि इस्राएल. १९७९ च्या आधी शहाच्या काळात इराण इस्राएलला तेल विकत होता, संबंध चांगले होते. दोघांची सीमा कुठं लागत नाही. पाण्याचं भांडण नाही, बांधाचं नाही. तात्यांच्या गणितानं तर दोघं दोस्त पाहिजेत, कारण मधे अरब, दोघांचे पण शेजारी. आणि तशी ती दोस्ती होतीच. मग १९७९ ला शहा गेला, धर्मगुरू खोमेनी आले आणि महिन्याच्या आत तेहरानमधली इस्राएलची जागा पॅलेस्टिनी संघटनेला दिली. बांध तेच, शेजारी तेच, फक्त तख्तावर कोण बसलं ते बदललं. यात फायदा कुठला सांगा? इराणला त्या वैरापायी काय काय सोसावं लागलं ते बघतोय आपण. तुम्ही म्हणाल इराक युद्धात इस्राएलनं चोरून इराणला शस्त्रं दिली, हो दिली, अमेरिकेनं पण दिली, १९८६ ला भांडं फुटलं. पण त्यानं वैर संपलं का? नाही.

दुसरं उदाहरण इजिप्त. अन्वर सादातनी निव्वळ हिशोब केला. इस्राएलनं घेतलेला सिनाईचा मुलूख लढून मिळत नाही, बोलून मिळतोय. १९७९ ला इस्राएलशी तह केला. १९८२ पर्यंत ताबाचा छोटा तुकडा सोडला तर सगळा सिनाई परत आला, म्हणजे हिशोब बरोबर होता. पण अरब लीगनं इजिप्तला बाहेर काढलं, ऑफिस कैरोतनं उचलून ट्युनिसला नेलं, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला परेड बघत असताना सादातना त्यांच्याच सैन्यातल्या कट्टर लोकांनी गोळ्या घातल्या. सिनाई पूर्ण परत आलेला बघायला तो माणूस राहिला नाही.

म्हणून मला वाटतं धर्म विरुद्ध फायदा अशी मांडणीच गंडलेली आहे. सौदीचा राजा घ्या. २०२० ला अमिरात, बहरीन, मोरोक्को यांनी इस्राएलशी उघड संबंध जोडले, सौदी नाही जोडत. बोलणी होतात पण सही होत नाही. का? त्याची पदवीच दोन पवित्र मशिदींचा सेवक अशी आहे. त्याची गादी त्यावर टिकून आहे. त्याच्यासाठी धर्म हाच फायदा आहे, वेगळा कसा काढणार? दुधातनं पाणी काढण्यासारखं आहे ते.

मिरज_जंक्शन

शंकासुर, सादातचा मुद्दा मान्य, चहा उधार. पण सौदीवर थांब जरा. तोच सौदी २०१६ ला इराणशी संबंध तोडतो, शिया धर्मगुरूला देहदंड वगैरे, सगळं धर्माच्या भाषेत. आणि २०२३ च्या मार्चमधे परत जोडतो, कुठं बसून, तर बीजिंगमधे. देव न मानणाऱ्या कम्युनिस्ट पार्टीच्या घरात बसून शिया-सुन्नी समझोता! आणि त्याच चीनमधे, शिनजियांग प्रांतात, उइगर मुसलमानांचं काय चाललंय ते जगाला माहितेय, पण २०१९ ला युनोत चीनच्या समर्थनाचं पत्र गेलं त्यावर सौदीची आणि पाकिस्तानची दोघांची सही. गाझासाठी रस्त्यावर उतरायचं आणि शिनजियांगसाठी चीनला दाद द्यायची. गादी टिकवायला धर्म लागतो म्हणतोस तर तो सोयीनंच का लागतो?

शंकासुर

सोयीनं लागतो कारण त्यांच्या लोकांना गाझा रोज टीव्हीवर दिसतं आणि शिनजियांग दिसत नाही. दिसलं असतं तर सही इतकी सोपी नव्हती. मुद्दा तोच आहे माझा.

कराडकर_प्रीतिसंगम

इथं सांगली-साताऱ्याची एवढी माणसं गप्पा हाणताहेत आणि आपल्याच माणसाचं नाव कुणी घेईना. जन्म देवराष्ट्रे, कर्मभूमी कराड, आणि ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ देशाचे परराष्ट्रमंत्री. यशवंतराव.

लोकांना 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' एवढंच आठवतं, म्हणजे १९६२ ला चीननं मार दिल्यावर संरक्षणमंत्री म्हणून गेले ते. पण त्याच माणसाच्या परराष्ट्रमंत्रीपदाच्या काळात, १९७६ ला, आपण चीनला परत राजदूत पाठवला, चौदा-पंधरा वर्षं तिथं आपला राजदूतच नव्हता. गेले ते के. आर. नारायणन, पुढं राष्ट्रपती झाले. ज्याच्या विरुद्ध उभं राहायला तुम्हाला मुंबईहून बोलावून घेतलं त्याच्याशीच दार उघडायचं, हे सोपं नाही. मनात काय असेल त्यांच्या, कल्पना करतो मी कधीकधी संगमावर बसलो की.

दुसरी गोष्ट त्यांच्याच काळातली. १९७५ च्या सुरवातीला पॅलेस्टाइनच्या संघटनेला दिल्लीत ऑफिस उघडायला परवानगी दिली. १० नोव्हेंबर १९७५ ला युनोत ठराव आला, झायोनिझम (ज्यूंना स्वतःचा देश हवा ही चळवळ) म्हणजे वंशवाद. आपण बाजूनं मत दिलं. आता बघा, आपण हिंदूबहुल देश, ज्यूंशी आपलं हजार वर्षांत कधी वाकडं नव्हतं, आपल्या कोकणात मराठी बोलणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत बसले, त्यांना गावं शनवार तेली म्हणायची कारण शनिवारी घाणा बंद. मग आपण का मत दिलं? तत्त्व होतंच, पण १९७३ ला तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला होता, आणि काश्मीरवर पाकिस्तान सगळ्या अरबांना गोळा करू नये ही काळजी.

आणि पुढं? डिसेंबर १९९१ ला तोच ठराव रद्द करायचं मत आलं तेव्हा आपण रद्द करायच्या बाजूनं मत दिलं. सोळा वर्षांत उलटं. सोव्हिएत युनियन त्याच महिन्यात संपला, शस्त्रं कुठनं घ्यायची हा प्रश्न, आणि जानेवारी १९९२ ला नरसिंह रावांनी इस्राएलशी पूर्ण संबंध जोडले. त्याच्या आधी पॅलेस्टिनी नेते अराफातना दिल्लीला बोलावून कानावर घातलं म्हणे, म्हणजे घरात सून आणताना थोरल्या जावेला विचारल्यासारखं. पण इस्राएल हा देश आहे हे आपण १९५० लाच मान्य केलं होतं! बेचाळीस वर्षं मान्यता होती पण दूतावास नव्हता. साखरपुडा करून लग्न बेचाळीस वर्षांनी.

पण सगळ्यात भारी गोष्ट १९६९ ची. जेरुसलेमच्या अल अक्सा मशिदीला आग लागली त्यानंतर मोरोक्कोत रबातला इस्लामी देशांची पहिली शिखर परिषद. भारताला बोलावणं आलं कारण आपल्याकडं मुसलमानांची संख्या एवढी मोठी. शिष्टमंडळ पोचेपर्यंत तिथं भारताच्या वतीनं बसले कोण, तर आपले मोरोक्कोमधले राजदूत, ते होते शीख. पगडी घालून. इस्लामी परिषदेत! मग फखरुद्दीन अली अहमद पोचले, आणि पाकिस्तानचा याह्याखान अडून बसला की भारत असेल तर मी येणार नाही. शेवटी आपल्यालाच बाहेर बसवलं. पन्नास वर्षांनी, १ मार्च २०१९ ला, त्याच संघटनेनं अबुधाबीत सुषमा स्वराजना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावलं आणि पाकिस्तानचा मंत्री रुसून आला नाही. बालाकोट होऊन आठवडा पण झाला नव्हता. अमिरातीला आपलं मार्केट दिसत होतं.

बाग_आणि_बॅलन्सशीट

आणि १९९४ विसरू नका. जिनिव्हात काश्मीरवर पाकिस्तानचा ठराव होता, अडवायला मदत कुणी केली? इराणनं. आजारी परराष्ट्रमंत्र्याला, दिनेश सिंगना, रावांनी तसंच विमानात घालून तेहरानला पाठवलं होतं, आणि जिनिव्हात आपल्या टीमचे प्रमुख विरोधी पक्षाचे वाजपेयी. आत्ता असं होईल का हो?

अपशिंग्याचा_फौजी

रामराम. मी साताऱ्याकडचा, अपशिंगे मिलिटरी, आमच्यात घराला एक तरी फौजी. धर्म आणि फायदा हे तुम्ही चहाच्या गाड्यावर बोलता, आमच्यात त्याची बिलं येतात.

पणजोबांच्या पिढीतली लोकं पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेली, आत्ताचा इराक. समोर तुर्क. तुर्कांच्या सुलतानानं १९१४ ला जिहाद पुकारला सगळ्या मुसलमानांना उद्देशून, आणि त्याच्या बाजूनं लढत होते कोण, जर्मन आणि ऑस्ट्रियन, म्हणजे ख्रिश्चन. आणि दोन वर्षांनी मक्केचा शरीफ, म्हणजे प्रत्यक्ष मक्केचा कारभारी, इंग्रजांच्या बाजूनं सुलतानाविरुद्ध उठला. आपली मराठा पलटण मधे, ना ह्यांची ना त्यांची.

मग चुलत्यांचं सांगतो. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेनेत गेले. आधी ट्रेनिंग कुणी दिलं तमिळ पोरांना, आपणच, तामिळनाडूत. मग शांतता करार केला आणि त्याच पोरांशी लढायला आबांना पाठवलं. आबा सांगायचे, पोरं आमच्याकडं बघून हात हलवायची पहिले पंधरा दिवस, हार घातले, आणि मग त्याच गल्लीत सुरुंग. आपली सुमारे बाराशे माणसं गेली तिथं. आणि खरा कहर पुढं. श्रीलंकेचा राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा, सिंहली बौद्ध, त्याला भारतीय फौज घरातनं घालवायची होती म्हणून त्यानं टायगरनाच, म्हणजे त्याच तमिळ बंडखोरांना, शस्त्रं पुरवली. जे त्याचा देश फोडायला निघालेत त्यांना! हिशोब बरोबर बसला, १९९० च्या मार्चला आबा परत आले. १९९१ ला टायगरनी राजीव गांधींना मारलं आणि १९९३ ला प्रेमदासाला, आत्मघाती बॉम्बनं. दोघांचे पण हिशोब त्या त्या दिवशी बरोबर होते.

तर हरिपूरवाले, तुम्ही १७९२ ला थांबलात. पुढचं मी सांगतो. टिपूचं राज्य वाटून घेताना सगळे खूश होते. सात वर्षांनी इंग्रजांनी टिपूला संपवलं. १८०२ ला वसईचा तह, १८१८ ला पेशवाई गेली. टिपूचा हिस्सा घेतल्यापासनं सव्वीस वर्षं. तुमच्या सांगलीच्या पटवर्धनांनी इंग्रजांशी जमवून घेतलं आणि संस्थान १९४८ पर्यंत चालवलं. आमच्या साताऱ्याच्या महाराजांशी पण इंग्रजांनी १८१९ ला लेखी तह केलेला, वारसदारांसकट. तरी १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना काढलं, त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांचं म्हणणं मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं बसले, कागद दाखवत, अर्ज लिहीत, आणि १८४८ ला दत्तक नामंजूर करून राज्य खालसा. तो तह धर्माचा नव्हता, फायद्याचाच होता. फायद्याचा कागद पण फायदा संपेपर्यंतच चालतो.

चूकभूल माफ. आबा आता नाहीत.

शंकासुर

फौजी साहेब, यावर मी काय बोलू. प्रेमदासाचं माहीत होतं पण असं कधी जोडून बघितलं नव्हतं.

द्राक्षवाला_तासगाव

सगळ्यांचे आभार राव, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. मोबाइल तात्यांना दिला, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दीड तास लागला, मधे जेवायला पण उठले नाहीत. फौजींचं वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पलीकडच्याला चहा पाजतो हे खरं, पण पलीकडचा उद्या आपला बांध कोरायला लागला तर काय हे मी त्या पोराला सांगायला पाहिजे होतं.

सोसायटीच्या इलेक्शनचं काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते वेगळं असतंय." का वेगळं ते नाही सांगितलं.

बेदाणा गेला एकदाचा. दर बरा मिळाला, अफगाणी मालाचं या वेळी कुणी नाव काढलं नाही, म्हणजे ती ट्रिकच असावी किंवा माल बॉर्डरवर अडकला असावा. पाक बॉर्डर बंद असली की त्यांचे ट्रक वाघाला येत नाहीत, विमानानं आणावा लागतो. म्हणजे दोघांच्या भांडणात आमचा दर टिकला असं म्हणायचं का? असलं म्हणायला पण कसंतरी वाटतं.

आणि हरिपूरवाले, तात्यांचा निरोप आहे, शृंगेरीचं त्यांना पटलेलं नाही. रथाला येणार असाल तर देवळाच्या मागच्या कट्ट्यावर भेटा म्हणतात, ते पत्राचं काय ते समोरासमोर बघू.